कळमथडीच्या घाटावर

शोभाबाईचं घर सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या सोसायटीत होतं. आत दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्यावर बसून ती दिवसभर साड्यांना खडे चिकटवायची. नवरा लोटू लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारागीर होता. सगळी उमर मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्याला ऐकू कमी यायचं. त्याच्याशी साधं बोललं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण लागलं. मुलं आपसात गुजराती बोलत, रस्त्यावर हिंदी, आणि आजोबांशी जमेल तशी अहिराणी.

आजोबा म्हणजे शोभाबाईचे वडील, भगवान आप्पा. ते कळमथडी स्टेशनात सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची तो खटका ओढण्याचं काम. निवृत्त झाल्यावर मुलाकडे बारडोलीला जायचं सोडून ते लेकीकडे आले होते. मुलगा तिथल्या साखर कारखान्यात होता, घरही मोठं होतं. पण आप्पांना सुरत बरी वाटायची. इथे गल्लीगल्लीत गाववाले भेटत.

कळमथडी खानदेशातलं लहानसं गाव. पुढे रूळ, मागे तापी, मधे जेमतेम वस्ती. एके काळी तिथे कापसाची सरकी काढणारी जिन होती, गुरांचा बाजार भरायचा, पलीकडच्या तीरावरची माणसं नावेतून येऊन गाडी धरायची. मग वर पूल झाला, नाव बंद पडली. जिनचा पत्रा भंगारात गेला. आता तिथे एखाददुसरीच गाडी थांबायची. अर्धं गाव त्याच रुळावरून सुरतेला आलं होतं आणि लूम, डाइंग, भाजीच्या गाड्या यांत विरून गेलं होतं.

पंच्याण्णव साली गावकऱ्यांच्या मंडळानं ठरवलं की कळमथडीची स्मरणिका काढायची. मंडळाचे अध्यक्ष भाईदास कापडाची दलाली करायचे. भला माणूस, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. ते स्वतः टेपरेकॉर्डर घेऊन शोभाबाईकडे आले.

"ताई, माणसं आमच्याशी बोलतात, पण बाया बोलत नाहीत. तुम्ही मॅट्रिक झालेल्या, अक्षर चांगलं. म्हाताऱ्या आहेत तोवर घ्या बोलून."

शोभाबाईनं होकार दिला. तिच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट सलत होती. धाकट्या मुलीनं एकदा शाळेसाठी विचारलं होतं, "आपलं गाव कसं आहे?" आणि तिला दोन वाक्यांपलीकडे काही सांगता आलं नव्हतं.

मग ती दुपारी काम बाजूला ठेवून लिंबायत, उधना, डिंडोली फिरू लागली. जिनचा भोंगा वाजला की कुठल्या बाईची डाळ शिजायला लागायची, पहिलं डिझेल इंजिन आलं तेव्हा कुणाची म्हैस बिथरून नदीत गेली, पुरात देवीचा मुखवटा कुणी डोक्यावर काढून आणला, असं सगळं टेपमध्ये जमू लागलं. सगळ्यात जास्त बोलले आप्पाच. गाड्यांची नावं, स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीची गळती, कुठल्या पावसात कुठला नाला फुटला. सारं त्यांना तोंडपाठ होतं. भाईदासांनी जाहीर केलं की प्रकाशनाच्या दिवशी पहिली शाल आप्पांना.

एक गोष्ट मात्र आप्पा नेहमी एकाच चालीत सांगत. "चोपन्न सालच्या नवरात्रात, परतीच्या पावसात नाव उलटली. अकरा माणसं गेली. नावाडी धुडकू भोई. दारू प्यायलेला होता." एवढं म्हणून ते लगेच दुसऱ्या विषयाला हात घालत. गावात सगळे तसंच सांगत. शोभाबाईनंही तसंच लिहून ठेवलं.

पावसाळा संपता संपता ती साड्यांचे गठ्ठे द्यायला कतारगामला गेली. परतताना रस्त्याकडेच्या भट्टीवर फुटाणे घ्यायला थांबली. भट्टीवर पन्नाशीच्या पुढची एक बाई होती, काळीसावळी, हाडापेरानं भक्कम. शोभाबाईचं बोलणं ऐकून तिनं विचारलं,

"कोन गावनी शे बहीन?"

"कळमथडी."

बाईचा वाळू ढवळणारा हात थांबला. फुटाणे करपायला लागले तरी तो हलला नाही. मग ती म्हणाली, "मन्हा बाप बी कळमथडीना. धुडकू भोई."

शोभाबाईनं ते नाव लिहिलेलं होतं, आणि त्याच्यापुढे काय लिहिलंय तेही तिला पाठ होतं. तिनं फक्त एवढंच सांगितलं की गावाच्या आठवणी गोळा करते आहे, आणि पुन्हा येऊ का म्हणून विचारलं. आपण कुणाची लेक ते सांगितलं नाही. तेव्हा सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती टेपरेकॉर्डर घेऊन गेली. त्या बाईनं, सुंदरानं, भट्टी सुनेकडे दिली आणि मागच्या खोलीत दार लोटून बसली. ती मोजकं बोलली.

नाव उलटली त्या दिवशी पलीकडच्या तीरावर घाटाच्या ठेकेदाराची शेंगांची पोती पडून होती. स्टेशनात त्याच्या मालासाठी वाघीण, म्हणजे मालडबा, लागलेली होती आणि मालगाडी तिला घेऊन निघणार होती. धुडकू म्हणाला, पाण्याला रंग आलाय, वरून लोंढा येतोय, आज नाव सोडत नाही. ठेकेदारानं चारचौघांत त्याच्या कानफटात मारली. धुडकूनं नाव सोडली. पलीकडे पोती भरली, वर बाजाराची माणसं चढली, आणि मध्यावर लोंढ्यानं गाठलं.

"बारा वर्षांची व्हतू मी. घाटवर उभी व्हतू," सुंदरा म्हणाली. "मन्हा बाप कधीच पेत नव्हता असं मी नाही म्हणत. पण त्या दिवशी नवरात्राचा उपास होता त्याला. पोटात पाण्याचा घोटसुद्धा नव्हता. दोन जणांना ओढून काढलं त्यानं. आणि वर आल्यावर लोकांनी त्यालाच मारलं."

"मग दारूचं कुठून आलं?"

"स्टेशनचा सांधेवाला उभा होता घाटावर. मालगाडी थांबणार नाही हे सांगायला आलेला. त्यानं ती थप्पड पाहिली, सगळं पाहिलं. आणि चावडीवर फौजदारासमोर म्हणाला, तोंडाला वास येत होता. बाप तुरुंगात गेला. घर जाळलं आमचं. आईनं मला घेऊन गाडी धरली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भगवान नाव त्याचं. आहे की गेला, देव जाणे."

शोभाबाईनं टेप बंद केला. चहा तसाच ठेवून ती उठली. "चहा घे ना बहीन," सुंदरा म्हणत होती, पण ती थांबली नाही.

घरी येऊन तिनं ती कॅसेट साड्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवली. सुंदराची काही चूक होत असेल, लहान वयातली आठवण, असं ती स्वतःला समजावत राहिली. आप्पा ओट्यावर नातीला गाडीच्या शिट्ट्यांचे अर्थ सांगत होते. ती त्यांच्याकडे बघू शकत नव्हती.

रविवारी लोटूला सुट्टी होती. शोभाबाई नळावर गेली होती. गठ्ठा हलवताना लोटूला कॅसेट सापडली. बायको इतकी फिरते, बोलून आणते तरी काय, म्हणून त्यानं ती लावली. त्याला नीट ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवला. पूर्ण वाढवला.

शोभाबाई हंडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा सुंदराचा आवाज तिला तिथेच ऐकू आला. ती पळाली. आप्पा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. हातात अर्धी सोललेली शेंग. आतून आवाज आला, "भगवान नाव त्याचं," आणि तिनं आत जाऊन बटण दाबलं.

"काय म्हणत होती ती?" लोटूनं विचारलं. त्याला अर्धंच कळलं होतं.

शोभाबाई बाहेर आली. आप्पांनी वर न बघता विचारलं, "कोण ही?"

"धुडकू भोईची सुंदरा."

आप्पा उठले, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लोटू खात्यात आणि मुलं शाळेत गेल्यावर ते स्वतःहून ओट्यावर आले. शोभाबाई खडे चिकटवत होती.

"टेप पुसून टाक."

"का?"

"एका भोयाच्या बाईच्या बोलण्यावर गावाचा इतिहास लिहिणार का तू?"

"इतके दिवस बायांचंच बोलणं लिहिते आहे आप्पा. तेव्हा तुम्ही शाबासकी देत होतात."

तिनं साडी बाजूला ठेवली.

"तुम्ही घाटावर होतात?"

"होतो."

"त्याच्या तोंडाला वास येत होता?"

आप्पांनी रस्त्याकडे पाहिलं. कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

"त्या दिवशी माझ्या नाकाला चिखलाशिवाय कशाचाच वास आला नाही," ते म्हणाले. "मी बदली कामावर होतो. कधी बोलवायचे, कधी नाही. तुझी माय दिवसात होती. ठेकेदाराचं वरपर्यंत वजन होतं. म्हणाला, एवढं एक वाक्य बोल, तुला कायम करून देतो. धुडकू तसाही बुडालाच होता, शोभा. अकरा मढी काठावर पडलेली. लोकांना कुणीतरी हवाच होता."

"आणि तुम्ही दिलात."

"दिला. लिहायचं असेल तर मी गेल्यावर लिही. किती दिवस उरलेत माझे?"

शोभाबाईला रडू आलं नाही. तिला आठवत होतं स्टेशनाशेजारचं क्वार्टर, त्याची पिवळी भिंत, शाळेचं दप्तर, थंडीत आप्पांच्या कोटाखाली शिरून झोपलेली आपण. मॅट्रिकच्या परीक्षेला आप्पांनी नोकरीत मिळालेल्या रेल्वेच्या पासावर तिला नेलं होतं. त्यातलं काय त्या एका वाक्यावर उभं होतं आणि काय नव्हतं, हे तिला वेगळं करता येईना.

लोटूला तिनं सारं सांगितलं, ओरडून सांगावं लागू नये म्हणून त्याच्या कानाशी तोंड नेऊन. तो म्हणाला, "नाव नको टाकू. कुणी एक सांधेवाला, असं म्हण."

"कळमथडीला सांधेवाला कोण होता हे कुणाला माहीत नाही?"

तिच्याकडून सगळं ऐकून भाईदासांनी दुसरा मार्ग काढला. "ताई, ती घटनाच गाळू. शुभकार्यात कशाला? मेलेल्यांची नावं देऊ, त्यांना श्रद्धांजली वाहू. कशी उलटली ते नको."

"न लिहिलं तर लोक धुडकू दारुड्याच म्हणत राहतील."

"आणि लिहिलं तर तुमच्या वडिलांना काय म्हणतील? त्यांना शाल द्यायची आहे आपल्याला." भाईदास कळकळीनं बोलत होते. तिला त्यांचा राग आला नाही, पण बरंही वाटलं नाही. छपाईला द्यायचे दिवस जवळ येत होते.

ती पुन्हा कतारगामला गेली. सुंदरा भट्टीवरच होती.

"त्या दिवशी चहा न घेता गेलीस," सुंदरा म्हणाली.

"मी भगवान सांधेवाल्याची मुलगी."

सुंदरानं झारा खाली ठेवला. रस्त्यावरून माणसं जात होती. एक गिऱ्हाईक आलं, तिनं हातानंच त्याला परत पाठवलं.

"माहीत असून आलीस माझ्याकडे?"

"नव्हतं माहीत. टेपवर तुम्ही नाव घेतलं तेव्हा कळलं. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, वास येत नव्हता."

"म्हणाला?"

"म्हणाले."

सुंदराचे डोळे भट्टीकडेच होते. "मन्हा बाप सुटून आल्यावर इथं तापीकाठी राहिला, पण पुन्हा नावेत बसला नाही. मरताना सुद्धा मला सांगत होता, पोरी, मी प्यायलो नव्हतो. जणू मीच फौजदार." मग ती एकदम कठोर आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाचं तू काय करायचं ते कर. मला त्याच्याशी काही नाही. पण माझ्या बापावरचं ते वाक्य छापलंस, तर मी तुमच्या मंडळात येऊन सगळ्यांदेखत ते पान फाडीन."

"छापणार नाही. आणि जागा मोकळीही सोडणार नाही."

घरी येऊन शोभाबाईनं मजकूर लिहिला. मंडळाला देण्याआधी आप्पांना वाचून दाखवला. ते चष्मा हातात धरून ऐकत होते. "नावाडी धुडकू भोई यांनी नाव सोडण्यास नकार दिला होता. ठेकेदाराने त्यांना मारहाण करून नाव सोडायला लावली. नावाडी दारू प्यायले होते ही साक्ष खोटी होती. ती स्टेशनचे सांधेवाले भगवान यांनी कायम नोकरीच्या आशेने दिली. ते माझे वडील आहेत."

बाहेर कुणाच्या तरी दारात पाणी भरायची गडबड चालू होती.

"नोकरीच्या आशेनं, हे खरं आहे," आप्पा म्हणाले. "पण भीतीही होती. त्या ठेकेदाराची भीती. तेही लिही."

तिनं 'आणि भीतीपोटी' असं वाढवलं. आप्पांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग पिशवीत दोन धोतरं आणि औषधं भरली.

"मला बारडोलीच्या बसमध्ये बसवून दे. प्रकाशनाच्या दिवशी मी तिथे नको."

"आप्पा, मी तुम्हाला जा म्हटलं नाही."

"तू नाही म्हटलंस."

भाईदासांनी मजकूर वाचून डोक्याला हात लावला. छापायला देणार नाही म्हणाले. शोभाबाई म्हणाली, "मग मी जमवलेलं सगळंच परत द्या. बायांनी माझ्यावर भरवसा ठेवून सांगितलंय." दोन दिवस निरोपांची ये-जा चालली. शेवटी पानाखाली बारीक अक्षरात एक ओळ आली की या मजकुराशी मंडळ सहमत असेलच असे नाही. त्या अटीवर ते पान राहिलं. भाऊ बारडोलीहून येऊन ओट्यावर उभ्या उभ्या बोलून गेला, "जिवंत बापाची अब्रू काढलीस," आणि पाण्याला न शिवता निघून गेला.

प्रकाशन उधन्याच्या एका हॉलमध्ये झालं. प्रती वाटल्या गेल्या. लोकांनी आधी आपापल्या घरच्यांची नावं शोधली, आणि मग कुणीतरी ते पान उघडलं. कुजबुज मागच्या रांगांपर्यंत गेली. नावेत ज्याचा काका गेला होता असा एक माणूस उभा राहिला.

"हे उकरून काय मिळालं? चाळीस वर्षं झाली. आमचा माणूस परत येणार आहे का?"

दुसरा म्हणाला, "हिनं बापाला चव्हाट्यावर आणलं, आपलं काय ठेवील?"

शोभाबाई व्यासपीठाच्या कडेला बसली होती. भाईदास माइककडे निघाले, पण त्याआधी मागच्या भिंतीपाशी सुंदरा उभी राहिली. ती आलेली शोभाबाईला दिसलीच नव्हती.

"मी धुडकू भोईनी पोर," ती म्हणाली. माइक नसतानाही आवाज पुढेपर्यंत आला. "मन्हा बापनी दोन जन काढात व्हतात पान्यामाईन. त्यामातलं कोनी शे का आठे?"

ज्यानं काका गेला म्हणून सांगितलं होतं तो माणूस उभाच होता. बायकांच्या बाजूनं एक मध्यमवयीन बाई, जयश्री, चाचरत उठली.

"माझी सासू होती. ती आता नाही. ती सांगायची, कुणीतरी केसांना धरून ओढलं म्हणून वाचले." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "पण कोणी ओढलं ते नाव घरात कुणी घेऊ द्यायचं नाही."

उभा असलेला माणूस खाली बसला. सुंदराही बसली. भाईदासांनी कार्यक्रम पुढे नेला. पहिली शाल कुणाला द्यायची यावर जरा घोटाळा झाला आणि शेवटी ती कुणालाच दिली नाही. काही जणांनी ते पान फाडून प्रत घरी नेली, हे शोभाबाईला नंतर कळलं. जाताना सुंदरा तिच्याशी बोलली नाही. फक्त दोन प्रती मागून घेतल्या. तिला वाचता येत नव्हतं.

आप्पा बारडोलीलाच राहिले. दिवाळीला शोभाबाई गेली तेव्हा भावजयीनं फराळ पुढे केला, भाऊ बाहेर निघून गेला. आप्पा उसाच्या भावाबद्दल, गुडघ्याबद्दल, नातवाच्या परीक्षेबद्दल बोलले. स्मरणिकेचं नाव कुणी काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली तेव्हाही तसंच. मात्र या वेळी निघायच्या आधी त्यांनी उशीखालून स्वतःची प्रत काढली. ती वाचून वाचून मऊ झाली होती.

"यात तू अकरा लिहिलेत," ते म्हणाले. "बारा जण होते. बारावी एक बाई होती. स्टेशनात भीक मागायची, कधी कधी पलीकडच्या गावात जायची. तिचं मढं दुसऱ्या दिवशी खाली सापडलं. नाव कुणाला माहीत नव्हतं, म्हणून पंचनाम्यात धरली नाही. मीच काठावरून ओढून घेतली होती तिला."

"कशी दिसायची?"

"उंच होती. एका पायानं लंगडायची. मालगाडीच्या ड्रायव्हरला हात करायची, आणि तोही करायचा." ते आठवू लागले. "गाणं म्हणायची काहीतरी. बरं म्हणायची."

शोभाबाईच्या पर्समध्ये त्या दिवशी टेपरेकॉर्डर नव्हता. बस चुकेल म्हणून भावजय दारात उभी होती. शोभाबाई परत खाली बसली. तिनं भाच्याचं पेन मागून घेतलं आणि म्हणाली, "सांगा आप्पा. गाण्याचे शब्द आठवतात का?"